जिनाचा भोंगा

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक मौजेचा प्रसंग घडला. परंतु त्याचा शेवट निव्वळ मौजेंत झाला नाहीं, म्हणूनच तो वाचकांस सांगावा असें वाटतें. आमच्या काकूंचा पुण्याचा नातू चार दिवसांसाठीं अकोल्यास आला होता. भाऊबीजेच्या दिवशीं फराळ आटोपून आम्ही सारे माजघरांत बसलों असतां त्यानें आपल्या पिशवींतून वर्तमानपत्रांत गुंडाळलेली एक वस्तु मोठ्या जपणुकीनें काढली आणि समोरच्या कोनाड्यांत ठेविली. पाहतों तों तपकिरी कांचेची, जाड बुडाची, रिकामी बाटली! तिच्या अंगावर उठावाचीं इंग्रजी अक्षरें होतीं. काकूंस इंग्रजी येत नाहीं. परंतु बाटलीची जात ओळखावयास इंग्रजी कशाला हवें? "शिव शिव! दिवाळीच्या दिवसांत घरांत हें काय आणलेंस रे?" असें म्हणून त्यांनीं पदर नाकास लावला. वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षींही काकूंचा दरारा असा आहे कीं, बाटली तत्काळ ओसरीवर गेली.

"आजी, ती रिकामी आहे. माझ्या जन्माच्या आधींच कोणीतरी रिकामी केलेली आहे," असें चिरंजीवांनीं परोपरीनें सांगून पाहिलें. त्यांस छंद आहे तो मद्याचा नव्हे. चहापलीकडे ते कांहीं घेत नाहींत. बंद पडलेल्या बिअरच्या कारखान्यांच्या बाटल्या, त्यांवरचे रंगीत कागद, बुचें, जुन्या जाहिराती असल्या वस्तु ते जमवितात. असे छंदी लोक जगांत पुष्कळ आहेत, आणि आपल्या गांवच्या नाहींशा झालेल्या कारखान्याचा एखादा कागद सांपडला म्हणजे त्यांना गुप्तधन सांपडल्याचा आनंद होतो, असें त्यांनीं आम्हांस सांगितलें.

पुण्याशेजारीं खडकीस गोऱ्या फौजेची मोठी छावणी होती, आणि तेथें बिअरचा कारखानाही होता, ही माहिती आम्हांस नवी होती. एडवर्ड डायर नांवाच्या इंग्रजानें हिमालयाच्या कुशींत कसौलीस हा धंदा उभारला. पुढें मीकिन नांवाच्या दुसऱ्या इंग्रजानें १८८७ सालीं सिमला व कसौली येथील कारखाने विकत घेतले आणि राणीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग व आपली खडकी येथील कारखान्यांची त्यांत भर घातली. १९१९ सालीं जालियनवाला बागेंत गोळीबार करविणारा जनरल डायर हा त्याच एडवर्ड डायरचा मुलगा. डायर आणि मीकिन ह्या दोन पेढ्या कालांतरानें एक झाल्या. १९४९ सालीं ती कंपनी नरेंद्रनाथ मोहन ह्यांच्या हातीं आली आणि १९६७ सालीं तिचें नांव बदलून मोहन मीकिन झालें. खडकीचा कारखाना मात्र नामशेष झाला. एवढा सगळा इतिहास एका रिकाम्या बाटलीच्या पोटांत राहूं शकतो, ह्याचें आम्हांस कौतुक वाटलें.

"काका, तुमच्या अकोल्यास असें कांहीं होतें का हो?" चिरंजीवांनीं आम्हांस विचारलें. आम्ही उत्तर देण्यापूर्वींच काकू आंतून म्हणाल्या, "होतें तर! आपल्या घरामागेंच जीन होतें. तुझे मोठे आजोबा जन्मभर जिनांतच होते."

तें ऐकून त्या मुलाच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो आम्ही विसरणार नाहीं. ज्यांची तसबीर देवघराशेजारीं लावलेली, ज्यांनीं चातुर्मासांत कांदा-लसूणही कधीं खाल्ला नाहीं, ते मोठे आजोबा जन्मभर 'जिनांत'! घरांतल्या मंडळींस हसूं आवरेना. शेवटीं आम्हीं खुलासा केला कीं, वऱ्हाडांत जीन म्हणजे सरकी काढावयाचा कारखाना. इंग्रजींत यंत्राला जो शब्द आहे त्याचेंच तें आंखूड रूप. बाटलींतल्या जिनाचें नांव जुनिपर नांवाच्या झाडाच्या फळावरून पडलें. दोन्ही शब्द कानांस सारखे, पण त्यांचें गोत्र निराळें. मुंबईकर पाहुण्यांपुढें "आमचे मामा जिनावर असतात" असें सांगून त्यांस गोंधळांत टाकण्याचा खेळ वऱ्हाडांतल्या आमच्या पिढीच्या पोरांनीं कितीदां तरी केला असेल.

परंतु चिरंजीवांचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. खडकीस जशी बिअर, तसें वऱ्हाडांत जीन. गांवाची ओळख, गांवाचा पैसा, गांवाचें घड्याळ सगळें त्यांतच होतें. आणि तेंही आमच्या डोळ्यांदेखत गेलें.

वऱ्हाडची काळी जमीन आणि कापूस ह्यांचें सख्य फार जुनें. आगगाडी येण्यापूर्वीं येथील कापूस बैलांच्या तांड्यांवर लादून शेंकडों मैलांवर गंगाकांठीं मिर्झापुरास जात असे, आणि तेथून जलमार्गानें कलकत्त्यास. १८५३ सालीं वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें; तिकडचा कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे आमच्या पूर्णेच्या खोऱ्याकडे लागले. १८६७ सालीं मुंबईची आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोंचली. १८७० सालीं जलंबहून खामगांवास जाणारा फांटा उघडला, तेव्हां खुद्द गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो तेथें आला होता. कापसासाठीं बडा लाट आमच्या उन्हांत उभा राहिला, एवढ्यावरून त्या पिकाचें वजन कळावें. अमरावतीच्या नांवाचा अपभ्रंश होऊन 'उमरा' ही कापसाची एक जातच मुंबई-लिव्हरपूलच्या बाजारांत रूढ झाली. १८८६ सालीं कारंजास कायद्यानें नियंत्रित केलेला कापूसबाजार सुरू झाला, तो देशांतला पहिला मानतात. आणि १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला.

आगगाडीच्या रुळांमागून जिनें आलीं. पूर्वीं घरोघर लाकडी रेच्यावर सरकी काढीत. तें काम आतां वाफेच्या यंत्रानें होऊं लागलें. एका लांब दालनांत यंत्रें ओळीनें मांडलेलीं असत. प्रत्येक यंत्रांत चामड्याचा एक रूळ फिरे. तो तंतु ओढून घेई, आणि वरखालीं हलणारें पातें सरकीस ठोकून बाजूला पाडी. कापसाच्या वजनाची सुमारें एक-तृतीयांश रुई निघे, बाकीची सरकी. यंत्रापुढें कापूस सारावयास बायका, ज्यांस तिकडे रेजा म्हणत. हवेंत रुईचे कण इतके कीं, दुपारपर्यंत काळ्या केसांच्या पोरी म्हाताऱ्या दिसूं लागत. पलीकडे प्रेस. मजूर पेटींत उतरून पायांनीं रुई तुडवीत, मग यंत्र ती दाबी, आणि लोखंडी पट्ट्या आवळून ३९२ पौंडांची गांठ बाहेर पडे. दोन गांठींची एक खंडी. दसऱ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हा हंगाम चाले; मग यंत्रें थंड आणि मजुरांच्या चुलीही थंड.

आमच्या घराचा आणि जिनाचा संबंध केवळ वडिलांच्या नोकरीपुरता नव्हता. वडिलांस आम्ही नाना म्हणत असूं. ते जिनाच्या कचेरींत कारकून होते. पहांटेच्या भोंग्याबरोबर आजी सडा घालावयास उठे. दुसऱ्या भोंग्यास आमचें दप्तर खांद्यावर. संध्याकाळच्या भोंग्यास तुळशीपाशीं दिवा. घरांत लंबकाचें घड्याळ होतें, परंतु तें मागें पडलें कीं भोंग्यावर लावीत. देवाचीं कापसाचीं वस्त्रें, फुलवाती, मुलींच्या सासरीं धाडावयाच्या गाद्या ह्या सर्वांची रुई तेथली. म्हशीस सरकी तेथली. बारदानाचें पायपुसणें झालें, गांठीच्या पट्ट्या विहिरीच्या रहाटाला लागल्या. कापूस वेंचणीच्या आरंभीं शेतांत सीतादहीची पूजा होई, तिचा दहीभात नानांच्या ओळखीचे शेतकरी आमच्या घरीं आठवणीनें पाठवीत. असा तो कारखाना आमच्या घराच्या पोटांत शिरलेला होता.

चिरंजीवांनीं हें सगळें ऐकून घेतलें आणि एकच प्रश्न विचारला, "मग त्याचें आतां काय शिल्लक आहे?"

ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं माळ्यावरून नानांची लोखंडी पेटी काढावी लागली. जीन बंद झालें तेव्हां कचेरींतला कागद रद्दींत जात होता; त्यांतला कांहीं नानांनीं घरीं आणला होता. त्यांच्या पश्चात् ती पेटी कोणीं उघडली नव्हती. पेटींत तीन वस्तु निघाल्या. एक पत्र्याचा सांचा, ज्यांत अक्षरें व आंकडे कोरलेले होते. एक जाड पुठ्ठ्याची हजेरीवही. आणि पंचाच्या तुकड्यांत बांधलेला एक पितळी बिल्ला. त्यावर ४७ हा आंकडा.

सांच्याची ओळख आम्हीं तत्काळ दिली. १९२५ सालीं जिन-प्रेसांसाठीं एक कायदा झाला. त्या कायद्यानें प्रत्येक प्रेसला एक ठराविक खूण दिली गेली, आणि प्रत्येक गांठीवर ती खूण व अनुक्रमांक घालणें सक्तीचें झालें. कोणीं कापसांत भेसळ केली किंवा पाणी मारलें, तर गांठ कोठें बांधली तें कळावें, हा हेतु. सांचा बारदानावर ठेवून काळ्या रंगाचा कुंचला फिरविला कीं खूण उमटे. लिव्हरपूलच्या किंवा ओसाकाच्या व्यापाऱ्यानें गांठ फोडली, तरी ती वऱ्हाडांतल्या कोणत्या प्रेसांत बांधली हें त्यास सांगतां येत असे. हें सांगतांना आमच्या बोलण्यांत थोडा अभिमानही आला असावा.

"आणि हा बिल्ला?" असें त्यानें विचारतांच काकूंनीं तो आमच्या हातांतून घेतला. बराच वेळ त्या आंकड्यावरून बोट फिरवीत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा अजून आहे होय!"

नंतर त्यांनीं जें सांगितलें तें आम्ही प्रथमच ऐकत होतों. काकू लग्न होऊन आमच्या घरीं आल्या त्याच्या दुसऱ्या वर्षींची, १९५६ सालची, माघांतली गोष्ट. यंत्रापुढें कापूस सारणाऱ्या एका बाईचा उजवा हात रुळाशीं ओढला गेला आणि दोन बोटें गेलीं. तिचा बिल्ला ४७. तिसऱ्या आठवड्यांत ती हाताला फडकें गुंडाळून आमच्या मागील दारीं आली. नाना कचेरींत होते. काकू तेव्हां अठरा-एकोणीस वर्षांच्या. मराठी चौथी झालेल्या. वाचतां येणारी घरांतली ती एकच सून. त्या बाईनें त्यांस विचारलें, "वहिनीबाई, माह्या हाताचं वहीत काय लिवलं जी? थे मले वाचून दाखवा."

"वही घरीं नव्हती," काकू म्हणाल्या, "पण मी रात्रीं मोठ्या भावोजींना विचारूं शकले असतें. दाराआडून का होईना, विचारलें असतें. मीं तिला सांगितलें, 'लिहिलें असेल बरोबरच. आमचे भावोजी खोटें लिहीत नाहींत.' ती गेली. पुढें दर दसऱ्याला मोठे भावोजी मला सांगत, 'ती बाई येईल, तिला पायलीभर ज्वारी घाला.' संक्रांतीला लुगडें. ती डाव्या हातानें घेई. पुन्हां वहीचें कधीं बोलली नाहीं. आणि मींही कधीं वही पाहिली नाहीं."

वही आमच्या मांडीवरच होती. १९५६ सालचें फेब्रुवारीचें पान शोधावयास वेळ लागला नाहीं. नानांचें अक्षर मोत्यासारखें. शाळेंत आम्हांस तेंच गिरवावयास लावीत. ४७ ह्या आंकड्यापुढें त्यांच्या हातानें लिहिलेलें होतें : 'स्वखुशीनें काम सोडलें.'

आम्ही कोणीच कांहीं बोललों नाहीं. आम्ही येथें आमच्या वडिलांचा न्याय करावयास बसलों नाहीं. घरांत चौदा माणसें जेवणारीं, मिळवते दोन, आणि मॅनेजरनें सांगितलेलें न लिहिणाऱ्या कारकुनाचें काय होतें तें त्यांस ठाऊक असलेंच पाहिजे. परंतु हेंही ठाऊक असलें पाहिजे कीं, कामगारांस अपघाताबद्दल नुकसानभरपाई देण्याचा कायदा १९२३ सालीं झाला होता, आणि १९२४ च्या जुलैपासून अमलांत होता. हात, बोट, डोळा गेल्यास मजुराची कमाई किती टक्के बुडाली असें धरावयाचें, ह्याचें परिशिष्टच त्या कायद्यास जोडलेलें होतें. म्हणजे तीन शब्दांची ती ओळ लिहिली गेली नसती, तर त्या बाईस कांहीं रक्कम हक्कानें मिळावयाची होती. तिच्या जागीं तिला मिळाली पायलीभर ज्वारी, तीही दान म्हणून. नानांनीं ती जन्मभर न चुकतां दिली, ह्यावरून त्यांस स्वस्थता नव्हती हें दिसतें. बिल्ला त्यांनीं जपून ठेविला तो आठवण म्हणून कीं शिक्षा म्हणून, तें सांगावयास ते आज नाहींत.

थोड्या वेळापूर्वीं ज्या सांच्याचा आम्ही अभिमान सांगत होतों, तो जवळच पडला होता. आमच्या मनांत आलें, गांठ कोणत्या प्रेसांत बांधली हें ओसाकाच्या व्यापाऱ्यास कळावें म्हणून सरकारनें कायदा केला. पण ती रुई कोणाच्या हातून निघाली तें आमच्या भिंतीपलीकडे राहून आम्हांस कळलें नाहीं. भोंग्यावर आम्हीं घड्याळें लावलीं. भोंगा ज्यांच्यासाठीं वाजे त्यांचें नांवही आम्हीं विचारलें नाहीं. काकूंस तरी त्या बाईचें नांव आठवतें का, असें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, "आम्ही तिला जिनवालीच म्हणत असूं."

चिरंजीव पुण्यास परत जाणार होते, त्यांनीं जाणें दोन दिवस पुढें ढकललें. चौकशी केली. जिनाच्या बाजूस एका जुन्या हमालाचें घर अजून आहे. त्याच्याकडून कळलें कीं, ती बाई उतारवयांत मुलीकडे अमरावतीस गेली आणि तेथेंच वारली. तिची नात अमरावतीस अंगणवाडींत सेविका आहे. आम्ही दोघे बडनेऱ्यावरून अमरावतीस गेलों. वयाचीं पंचाहत्तर वर्षें ह्या दोन शहरांत काढूनही ज्या वस्तींत आम्हीं कधीं पाऊल टाकलें नव्हतें, तेथें आमचें चहानें स्वागत झालें.

आमच्या येण्याचें कारण सांगणें सोपें नव्हतें. शेवटीं आम्हीं वही उघडली आणि जें काम एकदां आमच्या घरानें टाळलें होतें तेंच केलें. ती ओळ मोठ्यानें वाचून दाखविली. नातीनें ती पुन्हां स्वतः वाचली. मग ती शांतपणें म्हणाली, "आजीनं काम सोडलं नव्हतं. माझी माय सांगायची, पुढचीं दोन वर्षं भोंगा झाला कीं ती दारांत येऊन उभी राहायची." नंतर तिनें आपल्या आजीचें नांव आम्हांस सांगितलें. तें नांव येथें छापण्याचा अधिकार आमचा नाहीं. परंतु वहींत आतां तें आहे. नानांच्या ओळीस आम्हीं हात लावला नाहीं. एका स्वतंत्र कागदावर काय घडलें तें लिहिलें, कोणीं सांगितलें तें लिहिलें, तारीख घातली, नातीनें व आम्हीं सही केली, आणि तो कागद त्या पानाशीं ठेविला. बिल्ला आम्हीं तिच्या हातीं दिला. चिरंजीवांच्या संग्रहास तो शोभला असता. पण त्यांनीं त्याचा शब्दही काढला नाहीं.

वऱ्हाडांतून जिनें गेलीं असें मात्र कोणीं समजूं नये. १९७१ सालीं राज्यानें कापूस एकाधिकार खरेदीचा कायदा केला. पुढच्याच वर्षापासून ती योजना सुरू होऊन कांहीं दशकें चालली आणि मागें पडली. २००० सालीं केंद्र सरकारनें कापसासाठीं मोठी तंत्र-योजना आंखली, तेव्हांपासून नवीं यंत्रें आलीं. आतां कापूस यंत्रांत आपोआप पडतो, गांठ १७० किलोंची असते. परंतु गांवांतल्या भोंग्याचीं तीं जुनीं जिनें बहुतेक गेलीं. कोठें त्या जागीं मंगल कार्यालय आहे, कोठें बंगल्यांचे भूखंड, कोठें नुसती चिमणी. अकोल्याची सावतराम मिल १९७४ सालीं सरकारकडे गेली आणि पुढें तीही बंद पडली. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळ ह्या दोन्ही बाजूंस कापूस वाहणारी अरुंद रुळांची शकुंतला गाडी, तिचेंही आज रूळ आणि आठवणीच आहेत.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे. वऱ्हाडांतलें असें एकही जुनें घर नसेल कीं, ज्याच्या माळ्यावर त्या दिवसांचें कांहीं पडलेलें नाहीं. दिवाळीची साफसफाई करतांना तें भंगारवाल्याच्या तराजूंत टाकण्यापूर्वीं एकदां हातीं घेऊन पाहावें. सांचे, बिल्ले, तोलाचीं वजनें, अडत्यांच्या पट्ट्या, मजुरीच्या चिठ्या, यंत्रांच्या विलायती जाहिराती, कारखान्याच्या दारांत काढलेलीं छायाचित्रें, कांहींही असो. प्रत्येक वस्तूस एक कागद बांधावा आणि त्यावर ती कोठली, कोणाची, कोणीं सांगितलें आणि केव्हां, एवढें लिहावें. नुसती वस्तु ठेवली तर नातवंडांस तें लोखंडच दिसेल. छायाचित्रांत खुर्चीवर बसलेल्यांचीं नांवें खालीं छापलेलीं असतातच. मागें उभ्या असलेल्यांचीं विचारून घ्यावीं. सांगणारीं माणसें आतां ऐंशी-नव्वदीचीं आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांस तरी लिहितां येत नाहीं. घरांतल्या शिकल्यासवरल्या मुलांमुलींनीं सुटींत हें काम केलें, तर गांवच्या वाचनालयांत एक कपाट सहज भरेल.

आणि एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. अशा शोधांत आपल्याच वाडवडिलांच्या अक्षरांत एखादी नको ती ओळ सांपडेल. ती पाहून वही पुन्हां पेटींत टाकावयाचा मोह आम्हांसही झाला होता. काकू नसत्या तर कदाचित् टाकलीही असती. त्या एवढेंच म्हणाल्या, "सत्तर वर्षें मीं ती ओळ वाचली नाहीं. आतां तुम्ही तरी वाचून दाखवून या."

चिरंजीव पुण्यास गेले. जातांना बाटली न्यावयाची ते विसरले, कीं मुद्दाम ठेवून गेले, कोण जाणे. काकूंनीं ती चिंचेनें घासून, राखेनें उजळून, तीन पाण्यांनीं धुवून घेतली. हल्लीं ती ओसरीवर पत्र्याच्या सांच्याशेजारीं उभी असते. माजघरांत मात्र तिला अजून प्रवेश नाहीं.